क्रोके ते बॅडमिंटन : सर्वांना सामावणाऱ्या खेळांची गोष्ट



उन्हाळ्याच्या दिवसांत चार माणसांनी एकत्र बसून व्याख्यान ऐकावे, ही रीत आपल्याकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घालून दिली. १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिचे लोण महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले. त्याच १८७५ साली लंडनजवळ विम्बल्डन येथे एका क्रोके क्लबाने आपल्या हिरवळीचा एक भाग लॉन टेनिस आणि बॅडमिंटन यांच्यासाठी राखून ठेवायचे ठरवले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. पण माणसांनी एकत्र येण्यासाठी नव्या जागा निर्माण करण्याचा तो काळ होता. पुण्यात ती जागा सभामंडपात तयार झाली, विम्बल्डनला ती हिरवळीवर तयार झाली. आज मला त्या हिरवळीवरच्या जागेबद्दल बोलायचे आहे.

विषय आहे क्रोके. महाराष्ट्रात हा खेळ आज फार थोड्या लोकांनी पाहिला असेल. तरीही मी तो निवडला, कारण टेनिस आणि बॅडमिंटन हे आपल्या ओळखीचे खेळ क्रोकेच्या सहवासात वाढले, आणि त्यांतल्या बॅडमिंटनचे संगोपन तर आपल्या पुण्यात झाले. शिवाय एका प्रश्नाचे उत्तर क्रोकेइतके स्पष्ट दुसरा कोणताही खेळ देत नाही. तो प्रश्न असा : खेळ टिकतो कशामुळे? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. जो खेळ सबळ आणि दुबळा, स्त्री आणि पुरुष, तरुण आणि वृद्ध यांना एकाच मैदानावर एकाच नियमाखाली उभे करतो, तो टिकतो. आणि त्या मैदानाचे दार जितके उघडे, तितके त्या खेळाचे आयुष्य मोठे.

आधी खेळ समजून घेऊ. पस्तीस यार्ड लांब आणि अठ्ठावीस यार्ड रुंद अशी सपाट, बारीक कापलेली हिरवळ. तिच्यात लोखंडाच्या सहा अरुंद कमानी रोवलेल्या असतात आणि मधोमध एक लाकडी खुंट असतो. चेंडू चार : निळा आणि काळा एका बाजूचे, लाल आणि पिवळा दुसऱ्या बाजूचे. खेळाडूच्या हातात मॅलेट, म्हणजे लांब दांड्याची लाकडी मोगरी. आपले दोन्ही चेंडू ठरलेल्या क्रमाने सहाही कमानींतून एकदा एका फेरीत आणि पुन्हा दुसऱ्या फेरीत न्यायचे आणि शेवटी खुंटावर आदळवायचे. एका चेंडूचे तेरा गुण, दोघांचे सव्वीस. ज्याचे सव्वीस आधी होतील तो जिंकला.

एवढ्यावर हा खेळ मुलांचा वाटेल. त्याची खोली पुढच्या नियमात आहे. तुमचा चेंडू दुसऱ्या कोणत्याही चेंडूला लागला, मग तो तुमचा असो की प्रतिस्पर्ध्याचा, की तुम्हाला दोन जादा फटके मिळतात. पहिल्या फटक्यासाठी आपला चेंडू उचलून त्या दुसऱ्या चेंडूला चिकटवून ठेवायचा आणि असा मारायचा की दोन्ही हलतील. हाच तो क्रोके फटका. तो साधला की आपला चेंडू कमानीपुढे थांबतो आणि दुसरा चेंडू पुढच्या कमानीजवळ आपली वाट पाहत राहतो. मग उरलेल्या फटक्यात कमान पार करायची, म्हणजे आणखी एक फटका मिळतो. चारही चेंडू जो नीट मांडून ठेवतो, त्याला एकाच पाळीत कमानीमागून कमान पार करता येते. तेवढा वेळ प्रतिस्पर्ध्याने बाजूला खुर्चीवर बसून पाहत राहायचे असते. म्हणून पाळी संपवताना आपले चेंडू कुठे ठेवले आणि समोरच्याचे कुठे, हा विचार मारण्याच्या कौशल्याइतकाच मोलाचा ठरतो. स्पर्धेतल्या कमानीची रुंदी चेंडूपेक्षा काही मिलिमीटरच जास्त असते. म्हणजे हात स्थिर हवा, नजर अचूक हवी आणि मन चार चाली पुढे धावणारे हवे. दंडाच्या बळाला इथे दुय्यम जागा आहे.

हा खेळ आला कुठून? चेंडू मोगरीने मारून कमानीतून नेण्याचे खेळ युरोपात जुने आहेत. सतराव्या शतकात लंडनमध्ये राजा दुसरा चार्ल्स आणि त्याचे दरबारी पॅलमॅल नावाचा असाच एक खेळ खेळत, आणि लंडनचा प्रसिद्ध पॅलमॅल रस्ता त्याच खेळाच्या नावाने ओळखला जातो. पण आजच्या क्रोकेचे थेट मूळ आयर्लंडमध्ये सापडते. तिथल्या जमीनदारांच्या बागांतून १८३०च्या दशकात तो खेळला जात होता. १८५०च्या सुमारास तो समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये आला. १८५६ मध्ये लंडनच्या आयझॅक स्प्रॅट या खेळण्यांच्या व्यापाऱ्याने त्याचे नियम छापून नोंदवले. जॉन जॅक्स या खेळसाहित्य बनवणाऱ्याने मॅलेट, चेंडू आणि कमानींचे संच तयार करून घराघरांत पोहोचवले आणि १८६४ मध्ये स्वतःची नियमपुस्तिका काढली.

हे सगळे नेमके त्याच काळात का घडले, याचे एक कारण यंत्रात आहे. त्याआधी गवत विळ्याने किंवा लांब कोयत्याने कापत. त्याने जमीन कधीच एकसारखी होत नसे, आणि तेवढे मजूर ठेवणे फक्त सरदारांना परवडे. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याचे यंत्र बनवले. कापडगिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारे फिरते पाते त्याने पाहिले होते, तीच कल्पना त्याने गवताला लावली. तीस वर्षांत मध्यमवर्गीय घराच्या मागेही सपाट हिरवळ दिसू लागली. अशा हिरवळीवर खेळायला पहिला खेळ मिळाला तो क्रोकेच. टेनिसला उसळणारा रबरी चेंडू हवा होता, आणि गवतावर चांगला उसळेल असा पोकळ रबरी चेंडू वापरात यायला अजून अवकाश होता. क्रोकेच्या लाकडी चेंडूला उसळायचे नव्हते, घरंगळायचे होते. हिरवळ तयार होती आणि चेंडूही तयार होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. क्रोके इंग्लंडमध्ये वणव्यासारखा पसरला याचे सर्वांत मोठे कारण स्त्रिया हे होते. त्या काळातल्या मध्यमवर्गीय इंग्रज स्त्रीला मोकळ्या हवेत पुरुषांबरोबर खेळायला जवळजवळ कोणताच खेळ नव्हता. क्रिकेट पुरुषांचे, शिकार पुरुषांची. क्रोकेमध्ये धावायचे नव्हते, अंगाला झटायचे नव्हते, पायघोळ पोशाखातही तो खेळता येत होता. आई आणि मुलगा, आजोबा आणि नात, पाहुणा आणि घरची मुलगी एकाच सामन्यात उतरू लागली. धर्मोपदेशकांपासून वृत्तपत्रांपर्यंत अनेकांनी त्यावर नाके मुरडली. पण एकदा उघडलेले दार बंद झाले नाही. पुढे टेनिस, बॅडमिंटन आणि गोल्फमध्ये स्त्रिया आल्या, त्यांचा रस्ता आधी क्रोकेच्या हिरवळीवर मोकळा झाला होता.

याला मी केवळ सामाजिक सोहळा मानत नाही, कारण मैदानावरचे निकाल साक्षीला आहेत. १९०५ मध्ये इंग्लंडची खुली क्रोके स्पर्धा लिली गॉवर या स्त्रीने पुरुषांना हरवून जिंकली. त्यानंतर डोरोथी स्टील यांनी तीच खुली स्पर्धा १९२५, १९३३, १९३५ आणि १९३६ अशी चार वेळा जिंकली. या स्पर्धेत स्त्रियांसाठी वेगळा गट नव्हता, वेगळे नियम नव्हते. शंभर वर्षांपूर्वी एखादी स्त्री देशातल्या सर्वोत्तम पुरुषांना समोरासमोर हरवून सर्वोच्च विजेतेपद मिळवते, हे दुसऱ्या कोणत्या मैदानी खेळात घडले होते? १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रोकेचा समावेश होता. खेळाडू जवळजवळ सगळे फ्रेंच होते, प्रेक्षक नगण्य होते, आणि क्रोके पुढच्या ऑलिंपिकांत टिकला नाही. तरी त्या स्पर्धेत उतरलेल्या फ्रेंच स्त्रिया ऑलिंपिकच्या इतिहासातल्या पहिल्या महिला खेळाडूंमध्ये मोजल्या जातात. त्या वर्षापूर्वी आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता.

क्रोकेने समतेसाठी आणखी एक सुंदर युक्ती शोधली. तिला बिस्क म्हणतात. नवखा आणि निष्णात समोरासमोर आले तर नवख्याला, दोघांच्या दर्जातल्या फरकानुसार, ठरावीक राखीव पाळ्या मिळतात. आपली पाळी चुकून संपली, पण डाव हातात ठेवायचा आहे, अशा वेळी त्याने एक राखीव पाळी वापरायची आणि पुढे खेळायचे. कोणत्या क्षणी ती वापरायची हा निर्णय त्याचा. त्यामुळे दुबळ्यावर दया दाखवल्यासारखे होत नाही. त्याला एक साधन मिळते आणि ते हुशारीने वापरण्याची जबाबदारीही मिळते. निष्णात खेळाडूला पूर्ण ताकदीने खेळावे लागते, आणि नवख्याला जिंकण्याची खरी संधी राहते. बापलेकीने, गुरुशिष्याने मनापासून एकमेकांविरुद्ध खेळावे अशी ही सोय आहे. समाजात संधीची समानता कशी आणावी यावर आपण पुष्कळ वाद घालतो. एका खेळाने हा प्रश्न आपल्यापुरता इतक्या शहाणपणाने सोडवला आहे की त्याकडे धोरण ठरवणाऱ्यांनीही पाहावे असे मला वाटते.

लिखित नियमांचे महत्त्वही क्रोकेनेच शिकवले. १८६५ मध्ये लुइस कॅरल यांचे अ‍ॅलिसचे पुस्तक आले. त्यातला राणीचा क्रोकेचा डाव सर्वांना आठवत असेल. तिथे मॅलेटच्या जागी जिवंत फ्लेमिंगो, चेंडूच्या जागी साळिंदरासारखी काटेरी जनावरे आणि कमानींच्या जागी वाकलेले शिपाई आहेत. सगळे एकदम खेळतात, कमानी उठून चालू लागतात आणि राणी मनाला येईल त्याचे डोके उडवायला सांगते. कॅरल स्वतः क्रोकेचे जाणकार होते, त्यांनी त्या खेळाचा एक नवा प्रकारही तयार केला होता. नियम नसलेल्या मैदानावर बळ असेल त्याचीच सत्ता चालते, हे त्या प्रसंगाइतक्या ठळकपणे क्वचितच कुणी दाखवले असेल. प्रत्यक्षातही तेव्हा जवळजवळ प्रत्येक बागेचे नियम वेगळे होते. वॉल्टर जोन्स व्हिटमोर यांनी १८६७ मध्ये ईव्हशॅम येथे पहिली खुली स्पर्धा भरवली आणि खेळाच्या डावपेचांवर लिहिले. १८६८ मध्ये ऑल इंग्लंड क्रोके क्लब स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याने विम्बल्डनमध्ये वॉर्पल रोडवर सुमारे चार एकर जागा भाड्याने घेतली.

आणि याच जागेवर क्रोकेचे वैभव ओसरले. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचे साहित्य बाजारात आणले. लोकांना धावपळीचा खेळ हवा होता, आणि त्यासाठी लागणारी सपाट हिरवळ क्रोकेने आधीच तयार करून ठेवली होती. एका क्रोकेच्या जागेत दोन टेनिस कोर्टे मावत होती. १८७५ मध्ये विम्बल्डनच्या क्लबाने टेनिस आणि बॅडमिंटनला जागा दिली, १८७७ मध्ये क्लबाच्या नावात टेनिस आले आणि त्याच वर्षी जुलैत पहिली विम्बल्डन टेनिस स्पर्धा झाली. हिरवळीवर फिरवायचा घोड्याचा रूळ दुरुस्त करायला पैसे हवे होते, हेही त्या स्पर्धेमागचे एक कारण होते. बावीस खेळाडू उतरले आणि स्पेन्सर गोर जिंकला. १८८२ मध्ये तर क्लबाच्या नावातून क्रोके हा शब्दच गळला. १८९९ मध्ये तो परत घेतला गेला आणि आजही त्या क्लबाचे नाव ऑल इंग्लंड लॉन टेनिस अँड क्रोके क्लब असेच आहे. आपण दरवर्षी ज्या विम्बल्डनचे सामने पाहतो, त्याचे मूळ घर क्रोकेचे आहे.

आता आपल्या मातीकडे येऊ. आपण बसलो आहोत ते महाबळेश्वरचे हे गिरिस्थान याच काळाची निर्मिती आहे. जनरल पीटर लॉडविक १८२४ मध्ये इथे चढून आले. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ मध्ये करार केला, खंडाळा गाव देऊन हा डोंगरमाथा घेतला, आणि माल्कमपेठ वसली. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले. पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणारी ही जागा, म्हणून जूनमध्ये बंगले रिकामे होत आणि सगळा हंगाम मार्च ते मे आणि मग ऑक्टोबर एवढ्यात उरके. जांभ्या दगडाचा उतार, त्यात सपाट जागा दुर्मीळ. कैदेत ठेवलेल्या चिनी आणि मलायी बंदिवानांकडून इथे बागांची, भाजीपाल्याची आणि रस्त्यांची कामे करून घेतली गेली, हेही आपण विसरू नये. बोटीतून इंग्लंडच्या नव्या चालीरीती येत, आणि त्यांच्याबरोबर क्रोकेही हिंदुस्थानच्या छावण्यांत आणि थंड हवेच्या ठिकाणी आला. १८८१ मध्ये इथे महाबळेश्वर क्लब निघाला, तो याच हंगामी जीवनाचा भाग होता.

या छावण्या आणि गिरिस्थाने खेळांच्या नुसत्या वखारी राहिल्या नाहीत. तिथे खेळ घडले. जबलपूरच्या छावणीत १८७५ मध्ये नेव्हिल चेंबरलेन या लष्करी अधिकाऱ्याने स्नूकरची कल्पना काढली आणि १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. त्याआधीच पुण्यात बॅडमिंटन आकार घेत होते. पिसांचे फूल फळीने हवेत टोलवत ठेवण्याचा खेळ इंग्लंडमध्ये जुना होता. क्रोकेचे नियम छापणाऱ्या त्याच आयझॅक स्प्रॅटने १८६० मध्ये या खेळावरही एक पुस्तिका काढली होती. पण मध्ये जाळे बांधून त्याला चुरशीचा सामना करण्यात पुणे आणि खडकीच्या छावणीचा वाटा इतका मोठा होता की काही काळ खेळाचे नावच पूना होते. वारा असला की पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. पुण्यात १८७० च्या दशकात खेळले जाणारे नियम निवृत्त अधिकाऱ्यांनी इंग्लंडला नेले. १८७७ मध्ये बाथ येथे निघालेल्या क्लबाने त्यांत सुधारणा केली आणि १८९३ मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचे नाव खेळाला मिळाले. खेळाचे बाळपण मात्र पुण्यात गेले, याचा अभिमान आपण बाळगायला हरकत नाही.

अभिमान बाळगताना एक सत्यही सांगितले पाहिजे. त्या हिरवळी आपल्या लोकांनीच राखल्या, पण त्यांवर आपल्या लोकांना खेळू दिले जात नव्हते. गवत कापणारा, रूळ ओढणारा, जाळे बांधणारा आणि चेंडू आणून देणारा माणूस मराठी होता. सर्वांना एका नियमाखाली आणणारा खेळ या देशात वंशाच्या कुंपणाआड खेळला गेला, आणि म्हणूनच क्रोके इथे साहेबाबरोबर आला आणि साहेबाबरोबर गेला. त्याने इथे मूळ धरले नाही, कारण त्याला इथल्या मातीत रुजूच दिले नाही.

कुंपण मोडण्याचे काम दुसऱ्या खेळांनी केले. चर्मकार समाजातले बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे आणि जाळी बांधण्याचे काम करत. साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते देशातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले, पण चहाच्या वेळी ते तंबूबाहेर मातीच्या कपातून चहा पीत. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध पुण्याच्या संघाने सामना जिंकला तो बाळूंच्या गोलंदाजीवर. तेव्हा ज्या माणसाबरोबर तुम्ही खेळता त्याच्याबरोबर जेवायला आणि चहा प्यायला हरकत कसली, असा प्रश्न जाहीर सभेत विचारला तो न्यायमूर्ती रानडे यांनीच. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले. हिरवळ राखणारा माणूस त्याच हिरवळीचा नायक झाला. वसंत व्याख्यानमालेचा संस्थापक आणि हा खेळाडू यांची भेट साताऱ्याच्या सामन्यामुळे इतिहासात नोंदली गेली, याचे मोल या व्यासपीठावरून सांगताना मला विशेष समाधान वाटते.

स्त्रियांचे दारही असेच हळूहळू उघडले. आपल्या मुली फुगडी, झिम्मा आणि मंगळागौरीचे खेळ खेळत, पण ते घराच्या ओट्यावर आणि अंगणात, बायकांच्याच मेळ्यात. खुल्या मैदानावर, पंचासमोर आणि गुणफलकासमोर त्या उभ्या राहिल्या त्या विसाव्या शतकात. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव यांनी संस्कृतमध्ये सत्याग्रहावर महाकाव्य लिहिले, ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामदास यांची संस्कृत चरित्रे लिहिली, आणि त्या टेनिसही खेळत. त्यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुण्याचे क्रिकेटपटू आणि संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. ज्या गावात हा खेळ घडला, त्या गावाच्या मुलींनी त्याच्यावर आपला हक्क सांगितला.

आणि मग सांगली. नंदू नाटेकर यांचा जन्म १२ मे १९३३ रोजी सांगलीत झाला. ते आधी टेनिस खेळत. कुमार गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५४ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली. १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोरची स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. सहा वेळा राष्ट्रीय एकेरी विजेते झाले आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. ताकदीच्या फटक्यांपेक्षा मनगटाच्या नजाकतीसाठी आणि समोरच्याला फसवणाऱ्या फटक्यांसाठी त्यांची ख्याती होती. सर्वश्रेष्ठ खेळ बळाचा नसतो, विचाराचा असतो, हे क्रोकेचे तत्त्व सांगलीच्या या माणसाने दुसऱ्या खेळात सिद्ध केले. २८ जुलै २०२१ रोजी ते गेले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक शाळेत त्यांचे नाव मुलांना माहीत असले पाहिजे.

खेळाचे नियम लिहून ठेवण्याचे कामही आपल्या माणसांनी केले. १९०६ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ मध्ये त्याने खो-खोचे नियम निश्चित केले. स्प्रॅटने क्रोकेसाठी आणि पुण्याच्या छावणीने बॅडमिंटनसाठी जे केले, तेच इथे देशी खेळासाठी झाले. प्रत्येक गावाचा वेगळा खो-खो होता, तो एका नियमात आला आणि म्हणून देशभर खेळता आला. ज्या देशी खेळांचे नियम कुणी लिहिले नाहीत, त्यांतले अनेक आज आजीच्या आठवणीत उरले आहेत.

क्रोके मात्र जगातून गेला नाही. ऑस्ट्रेलियातले मिठाईचे उद्योगपती मॅकफर्सन रॉबर्टसन यांच्या नावाच्या ढालीसाठी १९२५ पासून देशादेशांतले सामने होत आहेत. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि नंतर अमेरिका त्यात खेळतात. सर्वांत उत्साहवर्धक उदाहरण इजिप्तचे आहे. इंग्रजांनी कैरोच्या क्लबांत हा खेळ आणला, इंग्रज गेले, पण इजिप्तच्या लोकांनी तो सोडला नाही. प्रत्येकाने आळीपाळीने एकच फटका मारायचा, असा गोल्फ क्रोके नावाचा सोपा प्रकार त्यांनी आपला केला. त्याला जोरदार फटक्यांची स्वतःची शैली दिली आणि जागतिक स्पर्धांत इंग्रजांनाच वारंवार हरवले. आपण पुण्याच्या बॅडमिंटनचे जे केले, तेच इजिप्तने क्रोकेचे केले. खेळ निर्माण करणाऱ्याचा राहत नाही. जो तो मनापासून खेळतो त्याचा होतो.

तर मग क्रोकेचे आकर्षण कशात आहे? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, तो सत्तरीच्या माणसाला विशीच्या माणसाला हरवण्याची खरी संधी देतो. दुसरी, त्यात प्रत्येक फटका हा पुढच्या तीन-चार फटक्यांचा विचार असतो, म्हणून मन कधी रिकामे राहत नाही. तिसरी, तो सावकाश चालतो, आणि त्या सावकाशीत खेळणाऱ्यांना बोलायला, ऐकायला आणि एकमेकांना ओळखायला वेळ मिळतो. या तिन्ही गोष्टींची आज आपल्याला फार गरज आहे. आपली माणसे दीर्घायुषी होत आहेत, पण साठीनंतर खेळायचे काय, याचे उत्तर आपल्या गावांकडे नाही. बाकावर बसून इतरांना पाहणे एवढेच वृद्धांच्या वाट्याला येते. मुलींना दहावीनंतर मैदान सुटते. घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र जेवतात, पण एकत्र खेळत नाहीत.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या गावांत जिथे जिथे मोकळी सपाट जागा उरली आहे, तिथला एक तुकडा नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने बांधकामापासून वाचवावा. तिथे तिकीट नसावे, सभासदत्वाची अट नसावी, कुंपणाला कुलूप नसावे. त्यावर क्रोके खेळा, बॅडमिंटन खेळा, आट्यापाट्या खेळा किंवा विटीदांडू खेळा. कोणता खेळ याला महत्त्व कमी आहे. त्या जागेत मुलगी आणि मुलगा, नात आणि आजोबा, सफाई कामगार आणि साहेब एका नियमाखाली खेळले पाहिजेत, याला महत्त्व आहे. जो दुबळा असेल त्याला राखीव पाळी द्या, आणि मग त्याच्याविरुद्ध मन लावून खेळा. आपल्या गावात जे जुने खेळ वृद्धांच्या आठवणीत आहेत, ते या वर्षी शाळेच्या मुलांकडून लिहून घ्या, त्यांचे नियम वहीत उतरवा, मोजमापे घ्या आणि त्यांची स्पर्धा भरवा.

गवत कोणत्याही जातीचे, लिंगाचे किंवा वयाचे पाय ओळखत नाही. ओळखतो तो आपण बांधलेला दरवाजा. तो उघडा ठेवणे आपल्या हातात आहे, आणि ते काम उद्यावर ढकलू नका.